काविळीची लस, डुकरं आणि आपलं चुकीच्या जागचं भांडण

गेल्या जूनमध्ये आमच्या तालुक्याच्या गावात कावीळ पसरली. आधी नदीकाठच्या एका गल्लीत चार-पाच जण, मग बाजारपेठ, मग थेट टेकडीवरची नवी कॉलनी, कारण पाण्याची टाकी सगळ्यांची एकच. नमुने गेले, रिपोर्ट आला हेपॅटायटिस ई, आणि मग समाजमंदिरात मीटिंग झाली. तिथलं दोन तासांचं भांडण ऐकून मी अस्वस्थ होऊन घरी आले, कारण बोलणारी माणसं चांगली होती, कळकळीनं बोलत होती, पण तिन्ही बाजूंनी जोर भलत्याच ठिकाणी लावला होता. एक जण म्हणाले हा रोग डुकरांपासून येतो, परदेशात सिद्ध झालंय, तेव्हा आधी डुकरं उचला. दुसरे म्हणाले लस आहे पण ती चीनची, तिथला स्ट्रेन (व्हायरसचा उपप्रकार) वेगळा नि आपला वेगळा, आणि माकडांवर नि सशांवर चालली म्हणून माणसांवर चालेल कशावरून. तिसरे म्हणाले लसबिस सगळी पळवाट आहे, पाइप बदला, विषय संपला.

माझं मत आधीच सांगून टाकते. हेपॅटायटिस ई च्या बाबतीत "स्ट्रेन वेगळा" हा आक्षेप टिकत नाही, आणि तो टिकत नाही हे पहिल्यांदा कळलं ते प्राण्यांवरच्या प्रयोगांतूनच. डुकरांचा मुद्दा आपल्याकडच्या साथींना लागू पडत नाही हेही अशाच कामातून कळलंय, आणि त्यातलं बरंच काम पुण्यात झालंय. म्हणून पाइप बदलायचं काम चालू ठेवूनच, जिथे साथ येते तिथे ही लस वापरायला आपण सुरुवात करायला हवी. ज्या प्रश्नाचं उत्तर खरोखर अजून मिळालेलं नाही तो गरोदर बायकांचा आहे, आणि त्या दोन तासांत त्यांच्याबद्दल एक वाक्यही कोणी बोललं नाही.

स्ट्रेनचं आधी घेऊ. हा व्हायरस म्हणजे साधारण ७,२०० अक्षरांची आरएनएची एक पट्टी, आणि त्या अक्षरांत किती फरक आहे यावरून त्याचे प्रकार पाडलेत, त्यांना जीनोटाइप म्हणतात. टाइप १ आणि २ माणसांचे, घाण पाण्यातून पसरणारे, त्यातला १ आपल्याकडचा. ३ आणि ४ डुकरं, रानडुकरं, हरणं यांच्यात असतात आणि तिथून माणसात येतात. ५ आणि ६ जपानमधल्या रानडुकरांत सापडले, ७ आणि ८ उंटांत. ही यादी वाचली की कोणालाही वाटेल की मग आठ लशी लागणार. पण आपलं शरीर व्हायरसची अक्षरं वाचत बसत नाही, ते त्याचं बाहेरचं कवच ओळखतं, आणि कवचाचा जो भाग आपल्या अँटीबॉडीज पकडतात तो या सगळ्यांत इतका सारखा आहे की या सगळ्यांचा सीरोटाइप, म्हणजे अँटीबॉडीजना दिसणारा प्रकार, एकच मानतात. मालवणी माणूस बोलला काय आणि वऱ्हाडी बोलला काय, हेल वेगळा असला तरी मराठी आहे हे आपल्याला कळतंच ना, तसंच. फ्लू आणि कोविडमुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की स्ट्रेन बदलला की लस गेली, आणि त्या रोगांत ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण गोवराचं काय? गोवराच्या व्हायरसचे २४ जीनोटाइप माहीत आहेत, आणि लस मात्र अजूनही १९५४ साली एका मुलाच्या शरीरातून वेगळ्या केलेल्या व्हायरसच्या वंशातलीच जगात बहुतेक ठिकाणी वापरतात. पुण्यात बनणारी गोवराची लसही त्याच वंशातली आहे. आपल्या पोरांना ती देताना कोणी विचारलं का, की हा स्ट्रेन आपल्या जिल्ह्यातला आहे का?

अर्थात गोवरात चालतं म्हणून इथेही चालेल असं म्हणणं म्हणजे पुरावा नाही, आणि म्हणूनच माकडं लागली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले रॉबर्ट पर्सेल आणि सुझॅन इमर्सन यांच्या टीमनं २००३ मध्ये ऱ्हीसस माकडांवरचं काम छापलं. लस बनवली होती पाकिस्तानातल्या टाइप १ व्हायरसच्या कवचातल्या प्रोटीनपासून. लस दिल्यावर माकडांच्या तीन गटांना तीन वेगवेगळे व्हायरस मुद्दाम टोचले, एकाला तोच पाकिस्तानी, दुसऱ्याला मेक्सिकोतला टाइप २, तिसऱ्याला अमेरिकेतला टाइप ३. तिन्हींत माकडं हेपॅटायटिसपासून वाचली. हा प्रयोग माणसावर करताच येत नाही, कोणत्या माणसाला लस देऊन मग मेक्सिकोचा व्हायरस शिरेतून सोडणार? स्ट्रेनच्या प्रश्नाला थेट उत्तर देण्याचा तोच एक मार्ग होता आणि ते उत्तर वीस वर्षांपूर्वी मिळालंय.

त्याच लसीची पुढे नेपाळच्या सैन्यातल्या २,००० जणांवर चाचणी झाली, २००७ मध्ये निकाल छापून आला, तीन डोसनंतर ९५.५ टक्के संरक्षण. आणि चीनची जी लस म्हणून आपण नाकं मुरडतो तिचं उदाहरण तर स्ट्रेनवाल्यांच्या अगदी विरुद्ध जातं. ती बनवलीय टाइप १ पासून, म्हणजे आपल्याकडे आहे त्याच टाइपपासून, आणि तिची चाचणी झाली जिआंगसू प्रांतात, जिथे मुख्य त्रास टाइप ४ चा. १,१२,६०४ लोकांची चाचणी, तीन डोस पूर्ण घेतलेल्यांत पुढच्या वर्षभरात काविळीची एकही केस नाही, लस न मिळालेल्यांत १५. पुढे साडेचार वर्षांनी ८६.८ टक्के आणि दहा वर्षांनीही जवळपास तेवढंच संरक्षण टिकलेलं दिसलं. म्हणजे माकडांनी जे दाखवलं होतं तेच एका लाखाहून जास्त माणसांनी दाखवलं, एका टाइपची लस दुसऱ्या टाइपच्या आजारावर चालली. "तिथला स्ट्रेन वेगळा" हे खरंच आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष बरोबर उलटा आहे, वेगळ्या स्ट्रेनवर चालली तर आपल्या स्वतःच्या टाइपवर न चालायला कारण काय?

आता डुकरं. डुकरांना हा व्हायरस होतो हे १९९७ मध्ये अमेरिकेत शिआंगजिन मेंग यांनी दाखवलं, आणि नंतर जपानमध्ये हरणाचं कच्चं मांस खाऊन, डुकराचं अर्धकच्चं काळीज खाऊन लोक आजारी पडल्याचं सिद्ध झालं, इतकं की जपाननं २०१५ मध्ये हॉटेलात डुकराचं कच्चं काळीज द्यायला बंदी घातली. फ्रान्समध्ये कॉर्सिका बेटावरच्या कच्च्या काळजाच्या सॉसेजमधून पसरलं. तेव्हा मीटिंगमधले काका हवेत बोलत नव्हते. पण ते सगळं टाइप ३ आणि ४ चं झालं. पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातली माणसं आणि डुकरं दोघांचे व्हायरस तपासले, २००२ मध्ये ते काम छापलं. माणसांत टाइप १, डुकरांत टाइप ४. एकाच भागात, एकाच वेळी, आणि तरी दोन वेगळे. त्याआधीच मेंग यांच्या टीमनं माणसांचे स्ट्रेन डुकरांना मुद्दाम टोचून पाहिले होते आणि डुकरांना ते लागलेच नव्हते. म्हणजे ज्या व्हायरसनं आमच्या गावातली माणसं पिवळी पडतात तो डुकरात राहूच शकत नाही. डुकरं गावात मोकाट फिरू नयेत याची शंभर चांगली कारणं आहेत, टाइप १ ची कावीळ त्यात बसत नाही.

यात एक गोष्ट मान्य करायलाच हवी. पुण्याच्याच टीमनं नंतर डुकरातला टाइप ४ माकडांना टोचला आणि माकडांना लागण झाली. म्हणजे आपल्याकडची डुकरं कायमची निर्धोक असं कोणी म्हणू नये, खाटीककामात असलेल्यांकडे, अवयव बदललेल्या पेशंटकडे लक्ष ठेवायलाच पाहिजे. पण साथ चालू असताना नगरपालिकेची माणसं, गाडी, डिझेल जर डुकरं पकडण्यात गेलं तर गळकी जोडणी कोण शोधणार? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारनं गटारं धुतली, घरांना चुना मारला, लोकांचं सामान जाळलं, जीव तोडून काम केलं, आणि रोग उंदरांवरच्या पिसवांतून येत होता. पॉल-लुई सिमोंद यांनी ते १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, पण त्यांच्यावर विश्वास बसायलाच कितीतरी वर्षं गेली. कष्ट कमी पडले नव्हते, जागा चुकली होती. आपल्याला तर जागा आधीच दाखवून झालीय, आणि तीही आपल्याच पुण्यातून.

आता लसीच्या विरोधातले जे खरे मुद्दे आहेत त्यांच्याकडे येते, कारण ते मीटिंगमध्ये नीट मांडलेच गेले नाहीत आणि ते स्ट्रेनच्या मुद्द्याहून कितीतरी वजनदार आहेत. पहिला असा की लस आजारापासून जितकी वाचवते तितकी लागण होण्यापासून वाचवते असं नाही. माकडांतही हे दिसलंय, कावीळ झाली नाही पण काहींच्या विष्ठेत व्हायरस सापडला. म्हणजे लस घेतलेला माणूस स्वतः ठणठणीत राहून गटारात व्हायरस सोडू शकतो, आणि म्हणून लसीनं साथ मुळातून थांबेल असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. दुसरा, उंदरांतला हेपॅटायटिस ई. २०१८ मध्ये हाँगकाँगमध्ये लिव्हर बदललेल्या एका पेशंटला तो झाल्याचं पुढे आलं, तो या आठ टाइपच्या कुटुंबापासून बराच लांबचा आहे आणि नेहमीच्या अँटीबॉडीज त्याला नीट अडवत नाहीत असं दिसतं. एकच लस सगळ्यांना पुरते असं मी वर सुचवलं त्याला इथे मर्यादा पडते. तिसरा, लस कागदावर चांगली आणि जमिनीवर निकामी हे आपल्या शेजारीच झालंय. माकडतापाची लस सह्याद्रीच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं टोचली, तो ताप सिंधुदुर्गात दोडामार्गपर्यंत येऊन पोचला, आणि शेवटी लसीची ताकद पुरेशी भरत नाही म्हणून २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. त्यामुळे दोडामार्गातलं कोणी लसीवर संशय घेत असेल तर मी त्यांना अडाणी म्हणणार नाही.

तरीही. लस लागण पूर्ण रोखत नाही म्हणून नको म्हणायचं, तर इथे माणसं मरतात ती लागणीनं का आजारानं? लिव्हर निकामी होतं ते आजारात. माकडतापाच्या लसीबद्दल शंका घ्यायला कारण होतं, कारण ज्यांना ती टोचली त्यांच्यातलेही काही पुढे तापानं आजारी पडत होते, आणि हेपॅटायटिस ई च्या लसीची दहा वर्षांची माणसांवरची आकडेवारी समोर आहे. उंदराचा व्हायरस तर अजून मोजक्या माणसांत सापडलाय, टाइप १ नं मात्र कानपूरमध्ये १९९१ ला एका साथीत सुमारे ७९,००० लोक आजारी पाडले. दोन्हीला एकाच तराजूत कसं घालायचं?

आणि आता तो मुद्दा ज्यासाठी मी हे लिहायला बसले. माझी मावसबहीण आठव्या महिन्यात काविळीनं गेली. त्याला बरीच वर्षं झाली. आधी माळ घातली, मग उसाचा रस, मग कोणीतरी उतरवून देणारा, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा ती माणसं ओळखत नव्हती. बाळही गेलं. घरात आजही म्हणतात की उशीर केला, आणि केलाच, पण लवकर नेली असती तरी या रोगावर ठोस औषध त्या दवाखान्यात होतं का? हेपॅटायटिस ई बाकीच्या माणसांना बहुतेक वेळा पंधरा दिवस-महिनाभर झोपवतो आणि सोडून देतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र गाठलं तर साथींमध्ये दर चार-पाच बायकांतली एक मेल्याच्या नोंदी आहेत. काश्मीरमध्ये १९७८ च्या साथीत मोहम्मद सुलतान खुरू यांनी हे गावोगाव फिरून टिपलं. असं का होतं हे प्राण्यांनाही विचारून झालंय, गाभण माकडिणींना व्हायरस टोचला, गाभण डुकरिणींना टोचला, त्या तशा मेल्या नाहीत. सशांमध्ये मात्र गाभण असताना व्हायरसनं माद्या आणि पिल्लं दगावल्याचं आणि लसीनं त्या वाचल्याचं दिसलं. म्हणजे प्राण्यांनी स्ट्रेनचं उत्तर स्वच्छ दिलं आणि गरोदरपणाचं उत्तर अर्धवट दिलं. जो प्राणी आपल्या बायकांसारखा मरत नाही त्याच्यावरून आपल्या बायकांचं कसं ठरवायचं, हा आक्षेप कोणी घेतला असता तर मी त्यांच्याशी सहमत झाले असते.

यापुढचं आणखी अवघड आहे आणि लपवून उपयोग नाही. बांगलादेशात मतलब भागात हजारो बायकांवर लसीची मोठी चाचणी झाली, आणि ज्यांना गरोदरपणात किंवा त्याच्या थोडं आधी लस मिळाली त्यांच्यात गर्भ पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. दक्षिण सुदानमध्ये बेंटिऊच्या विस्थापितांच्या छावणीत २०२२ मध्ये साथ चालू असताना सुमारे २५,००० लोकांना गरोदर बायकांसकट लस दिली गेली, साथीत ही लस वापरायची जगातली ती पहिलीच वेळ, आणि तिथल्या अभ्यासात तसा वाढीव धोका आढळला नाही. दोन अभ्यास, दोन उत्तरं. लसीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी पहिला गाळून फक्त दुसरा सांगू नये. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? थांबा, अजून वीस वर्षं बघू, असा? माझ्या मते यातून निघतं ते एवढंच की गरोदर होण्याच्या बऱ्याच आधी, लग्नाआधीच्या वयात, तीन डोस पूर्ण व्हावेत, आणि साथीत गरोदर बाईला द्यायची का हे ठरवायला आपल्याकडे नीट अभ्यास व्हावा, कारण हा रोग गरोदर बायकांना जिथे सगळ्यात जास्त मारतो ते देश म्हणजे आपण आणि आपले शेजारी. जिआंगसू आपल्यासाठी हे उत्तर काढून देणार नाही.

राहिले पाइपवाले. त्यांचं म्हणणं मूळातच बरोबर आहे, म्हणून ते सगळ्यात घट्टही आहे. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेत मिसळलेलं सांडपाणी वझिराबादच्या पंपापर्यंत आलं, आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. शिमल्यात २०१५-१६ च्या साथीत पुन्हा तेच, सांडपाणी पिण्याच्या पाण्याच्या स्रोतात. इचलकरंजीत २०१२ ला काय झालं ते आपल्या भागातल्या लोकांना सांगायला नको. पण दिल्लीच्या साथीतली एक गोष्ट पाइपवाल्यांनी लक्षात घ्यावी. पाणी बिघडलंय हे कर्मचाऱ्यांच्या ध्यानात आलं होतं, त्यांनी तुरटी नि क्लोरीन वाढवलंही होतं, त्यामुळे टायफॉइड-हगवण वाढली नाही आणि कावीळ मात्र आली. आपल्या जलसुरक्षकाकडे आजही टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची ओटी टेस्टची बाटली एवढंच असतं. ते हवंच, पण गटार पाण्यात घुसल्यावर तेवढ्यानं भागतं असं नाही, आणि अख्ख्या गावाची जलवाहिनी बदलायला टेंडर, निधी, खोदाई धरून किती वर्षं जातात ते आपण सगळे जाणतो. त्या वर्षांत गरोदर होणाऱ्या मुलींनी काय करायचं?

पोलिओही विष्ठेतूनच पसरतो. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादची गटारं आधी बांधू आणि मग थेंब पाजू असं म्हटलं असतं तर आजही पोलिओ असता, आपण थेंब पाजले आणि २०११ नंतर देशात मूळ (वाइल्ड) पोलिओची केस सापडली नाही. घाणीमुळे तिथे थेंब कमी लागू पडत होते हे खरं, जास्त वेळा पाजावे लागले, पण पाजले. टायफॉइडही पाण्यातूनच, आणि नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची नवी लस सरकारी मोहिमेतून द्यायला सुरुवात केली, जगात तशी पहिली. त्यामुळे नवी मुंबईनं पाणी शुद्ध करणं सोडून दिलं का? लस म्हणजे सरकारला पळवाट, ही भीती मला समजते, अनुभवातून आलीय ती. पण पळणारं सरकार लस नसतानाही पळतंच, आपल्याकडे हेपॅटायटिस ई ची लस राष्ट्रीय कार्यक्रमात नाहीये, मग सगळ्या जलवाहिन्या बदलून झाल्या का?

चीनची म्हणून नको, असंही एकजण म्हणाले. ठीक आहे, मग आपली कुठे आहे? पुण्यात एनआयव्हीत २००९ पर्यंत ऱ्हीसस माकडांवर आपल्या स्वतःच्या लसी तपासून झाल्या होत्या, लायपोसोममध्ये (चरबीच्या सूक्ष्म पिशवीत) डीएनए आणि प्रोटीन एकत्र भरलेली लसही त्यात होती. नेपाळमध्ये ९५ टक्के चाललेली लस कंपनीनं बाजारात आणलीच नाही. ज्यांना हा रोग होतो त्यांच्याकडे लस विकत घ्यायला पैसे नाहीत, असल्या रोगाला खाजगी गिऱ्हाईक नसतं, इथे सरकारनंच गिऱ्हाईक व्हावं लागतं. जगात सगळ्यात जास्त डोस बनवणारी लस कंपनी आपल्या पुण्यात आहे. हे काम तिथे होऊ शकत नाही असं मला कोणी पटवून देऊ शकेल का?

मीटिंगच्या शेवटी मी उठून विचारलं की साथीतल्या पेशंटचे रक्ताचे नमुने ठेवलेत का, आणि त्यात गरोदर किती होत्या. माहिती कोणाकडे नव्हती. दिल्लीच्या १९५५ च्या साथीतले नमुने कोणीतरी जपून ठेवले होते. पंचवीस वर्षांनी, १९८० मध्ये, अहमदाबाद आणि पुण्यातल्या साथींच्या नमुन्यांबरोबर ते तपासले, आणि हा हेपॅटायटिस ए नव्हे, दुसराच काहीतरी आहे, हे जगाला तेव्हा कळलं. त्या एका बर्फातल्या पेटीपासून पुढची माकडं, डुकरं, ससे, लस सगळं सुरू झालं. आमच्या गावातले नमुने रिपोर्ट आल्यावर फेकून दिले की कुठे फ्रीजमध्ये आहेत, हे विचारणारा अर्ज मी सोमवारी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिलाय, आणि त्यात दुसरी ओळ गरोदर बायकांच्या आकड्याची आहे.